तुटक्या शेपटीचा मासा

क्रेइन फ्लिकवेर्टने जोडलेलं उकलणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं सगळं ऑडेकापेल गाव म्हणायचं आणि क्रेइनला ते ऐकायला गोड लागायचं. जन्मभर सुतारकी केलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे असतं? पण यंदाच्या ऑक्टोबरात, अडुसष्टावं सरता सरता, त्याला पहिल्यांदाच वाटलं की एक काम आपण जरा कच्चं केलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याच हाताने ते उकलायची पाळी तरी आली नसती.

झालं असं, की सरकारी यादीसाठी गावच्या चर्चमधल्या चित्राची तपासणी निघाली. चर्चच्या मागच्या खोलीत हे चित्र पूर्वीपासून आहे. ओकच्या तीन फळ्या जोडून केलेला दीड हात रुंदीचा पट आणि त्यावर आतून दिसणारं चर्च. पांढरे खांब, काळीपांढरी फरशी, डावीकडच्या खिडकीतून आलेलं तिरपं ऊन, आणि खांबापाशी तंगडी वर करून उभा असलेला एक कुत्रा. त्या कुत्र्याकडे बघून रविवारच्या शाळेत खुदुखुदु हसत गावाच्या कितीतरी पिढ्या मोठ्या झाल्या. चर्च आपलंच. म्हणजे एकोणीसशे त्रेपन्नच्या पुराआधीचं. पुराने फरशी उखडली, बाकं वाहून गेली, मग सरकारी पैशातून सिमेंट ओतलं. आता जुनं चर्च बघायचं तर त्या पटावरच. म्हातारी माणसं अजूनही त्यात आपली बसायची जागा शोधतात.

हे चित्र मार्टेन लेइन्सेचं, असं गाव बापजाद्यांपासून सांगत आलं. हा लेइन्से साडेतीनशे वर्षांपूर्वी गावोगावची चर्चं रंगवत हिंडायचा. त्याची सही असलेली तीन चित्रं मोठ्या म्युझियममध्ये आहेत. गावच्या चित्रावर सही नाही. पण गावाला सही कशाला लागते? गावाला ठाऊक होतं.

मिडलबर्गहून तपासायला आलेल्या बाईला मात्र ठाऊक नव्हतं. वेंडेला कौपर तिचं नाव. पस्तिशीची, आखूड केसांची, गळ्यात भिंग अडकवलेली. सोमवारी दिवसभर ती चित्रापुढे बसली. मग तिने क्रेइनच्या मदतीने ते उलटं केलं आणि मागची बाजू बघून जिभेने च्च केलं.

"हे कुणी केलं?"

"मी," क्रेइन म्हणाला. "त्रेपन्न साली. पुरात भिजून फळ्या पापडासारख्या वळल्या होत्या. तेव्हा वरून हुकूमच होता, मागून रंधून पातळ करा आणि लाकडी पट्ट्यांची जाळी बसवा. मी बसवली."

वेंडेलाने जाळीवरून बोट फिरवलं. उभ्या पट्ट्या सरसाने चिकटवलेल्या, आडव्या त्यांच्या खाचांतून सरकणाऱ्या. छत्तीस वर्षांत एक पट्टी सुटली नव्हती.

"काम सुंदर आहे, मेनेर फ्लिकवेर्ट," ती म्हणाली, "आणि त्यानेच घात केलाय. लेइन्सेच्या काळी असे पट आन्टवर्पचे सुतार करायचे आणि बोटींतून सगळीकडे पाठवायचे. पट चांगला निघाला की त्यांचा संघ मागे तापल्या लोखंडाने डाग द्यायचा. किल्ला, वर दोन हात. शेजारी पट करणाऱ्या सुताराची स्वतःची खूण. लेइन्सेची तिन्ही चित्रं एकाच सुताराच्या पटांवर आहेत. इथे तीच खूण सापडली असती तर मी आत्ता सही ठोकून मोकळी झाले असते. पण तुम्ही ती रंधून टाकलीत."

"असेल तर," क्रेइन पुटपुटला.

"असेल तर. आता मी कशावर बोट ठेवू? रंगांवर पुरानंतर दुसरे हात फिरलेत. अशा चित्रांच्या नकला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ढिगाने झाल्या. गुरुवारपर्यंत काही मिळालं नाही तर यादीत 'नक्कल, एकोणिसावं शतक' असं लिहावं लागेल. मग ते म्युझियमच्या कोठारात जाईल."

क्रेइनने मान हलवली, टोपी घातली आणि घरी आला. खूण होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रंध्याखाली घालण्याआधी त्याने तिच्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीने घासून ठसाही उठवला होता. तो ठसा आजही जाळीच्या मधल्या उभ्या पट्टीच्या पोटात होता. जगात एकट्या क्रेइनला हे माहीत होतं, आणि तो मूग गिळून बसला होता. कारण त्या पट्टीच्या पोटात नुसता ठसा नव्हता.

मंगळवारी सकाळी यिके बोखर्ट त्याच्या कारखान्यात आली. हातात फडक्यात बांधलेले बोलुस, दालचिनीचे गोड पाव. यिके आता साठीची. लग्न होऊन व्लिसिंगेनला गेली होती. नवरा जहाजांना वाट दाखवणारा पायलट. तो वारल्यावर सहा वर्षांपूर्वी गावी परत आली. तेव्हापासून तिची खिडकी अडकली की क्रेइन, दार घासलं की क्रेइन. गावातल्या बायका म्हणत, यिकेच्या घरची दारं जरा जास्तच घासतात. क्रेइनने लग्नच केलं नव्हतं, त्यामुळे त्याला काहीही म्हणायला गाव मोकळं होतं.

"बस," तो म्हणाला. "त्या स्टुलावर नको, रंग ओला आहे."

"गेल्या महिन्यातही ओला होता."

"तेव्हा दुसरा हात होता."

ती लाकडाच्या ओंडक्यावर टेकली. बोलुस तसेच मांडीवर राहिले. "क्रेइन, एक विचारते. गोड बोलू नकोस, खरं सांग. ते चित्र नक्कल आहे का?"

"मी सुतार माणूस. मला चित्रातलं काय कळतं?"

"लाकडातलं कळतं ना? लाकूड तुझ्या हाताखालून गेलंय." तिने क्षणभर दाराबाहेर पाहिलं. "लोक कुजबुजायला लागलेत. काल बेकरीत मी शिरले आणि बोलणं थांबलं. मला लोकांचं काही नाही. मला फक्त एवढंच कळू दे, की बाबा खऱ्या चित्रापायी गेले की नकलेपायी. हो किंवा नाही. छत्तीस वर्षं ते खरं आहे असं धरून मी जगलेय. नसेल तर तसं सांग, मी तसं जगेन. पण कोठारात टाकून 'कदाचित' म्हणून सोडून देऊ नका."

क्रेइनने पटाशी उचलली, धार पाहिली, परत ठेवली. "बघतो," म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

ती गेल्यावर त्याच्याच्याने काम होईना. तो नुसता बसून राहिला आणि ते वर्ष समोर येऊन उभं राहिलं. ते बोलावल्याशिवाय यायचं, हीच त्याची खोड.

यिकेचा बाप योस बोखर्ट हा चर्चचा राखणदार. घंटा वाजवणं, मेणबत्त्या, किल्ल्या, झाडलोट, सगळं त्याच्याकडे. भला माणूस. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून असा चालायचा, की चर्च ह्याच्याच आजोबांनी बांधलं असावं. क्रेइन बत्तीस वर्षांचा आणि यिके चोवीसची होती तेव्हा क्रेइन दर रविवारी चर्चची कुठली ना कुठली बिजागरी दुरुस्त करायला लवकर जायचा. योस हसायचा. "पोरा, ह्या चर्चच्या बिजागऱ्या तुझ्या वयाच्या वीसपट आहेत, त्या मोडत नाहीत. तू बोल तर एकदाचं." क्रेइनने ठरवलंही होतं. वसंतात बोलायचं.

एक फेब्रुवारीला बेटाचा समुद्राकडचा बांध फुटला. पहाटे पाणी आलं तशी माणसं माळ्यांवर चढली. दुपारी पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं. योस बायकोला म्हणाला, "चर्चमध्ये जाऊन येतो, चित्र खालीच आहे." बायको नको म्हणाली, यिके नको म्हणाली. तो गेला. चित्र त्याने मागच्या खोलीतून काढलं, व्यासपीठावर चढून त्यावरच्या लाकडी छपरावर ठेवलं. तेवढ्यात दुसरं पाणी आलं, पहिल्याहून मोठं. पाणी त्या छपरापर्यंत चढलं, चित्र भिजलं, पण तिथेच राहिलं. योस चार दिवसांनी बांधाजवळ सापडला.

पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, क्रेइनने होडी यिकेच्या घराच्या माळ्याच्या खिडकीला लावली. यिकेने आधी आईला पुढे केलं. आईच्या हातात लोकरीच्या मोज्यांची जोडी होती, छातीशी धरून ऊब दिलेली. "योस ओला होऊन येईल," ती म्हणाली. होडीत बसतानाही तिने ते मोजे सोडले नाहीत. क्रेइनला पुढच्या आयुष्यात कितीही काही आठवलं, तरी आधी ते मोजे आठवायचे.

त्या उन्हाळ्यात बेट पाण्याखालीच होतं. क्रेइन गूस शहरातल्या एका कांद्याच्या गोदामात भिजकी लाकडं दुरुस्त करत होता. बाकं, कपाटं, पाळणे. जूनमध्ये ते चित्र आलं. त्याने ते उलटं ठेवलं आणि मागचा डाग दिसला. किल्ला, दोन हात, आणि बाजूला एक छोटा मासा.

आता ह्या कामाची एक रीत होती. क्रेइनला काम शिकवलं थोरल्या बास्त्यानने. तो म्हणायचा, लाकडालाही आईबाप असतात, ते पुसायचे नाहीत. रंध्याखाली जे जातं त्याचा ठसा घ्यायचा आणि नव्या पट्टीच्या पोटात नखभर खोल खाच करून, सरस लागणार नाही असा, तिथेच ठेवायचा. कुणाला सांगायचं नाही. पुढचा सुतार उघडेल, त्याला मिळेल. बास्त्यान त्या खाचेत हवापाणीही लिहायचा. "आज वारा. बायको रुसली." जे पुढून बोलायचं नाही, ते सुताराने लाकडाच्या पाठीला सांगावं. बेटावरच्या निम्म्या कपाटांच्या पोटात बास्त्यानच्या बायकोचा रुसवा आहे.

क्रेइनने सिगारेट वळायच्या पातळ कागदावर ठसा घेतला. खाच केली. मग त्याच जाड सुतारी पेन्सिलीने खाचेत एक ओळ लिहिली. वारा नाही, ऊन नाही. जे पोटात होतं ते. वर ठसा ठेवला, सरस लावला, पट्टी दाबली.

आणि गाव परत वसलं तेव्हा चर्चच्या भिंतीवर दगड बसला. 'योस बोखर्ट, ज्याने प्राण देऊन देवाघरचं लेणं वाचवलं.' दर फेब्रुवारीत पाद्री त्या दगडापुढे बोलायचा. सगळे टोप्या काढायचे. क्रेइनही काढायचा आणि त्याला पट्टीखालची ती ओळ आठवायची. यिके शेजारी उभी असायची. जो माणूस तिच्या बापाबद्दल तसलं लिहितो, त्याने तिला मागणी कशी घालावी? वसंत आला, गेला. दोन वर्षांनी व्लिसिंगेनच्या पायलटने विचारलं. संपलं.

बुधवारी क्रेइनने पळवाट शोधली. एका कोऱ्या कागदावर त्याने आठवून खूण काढली. किल्ला, हात, मासा. हात अजून सरळ चालत होता. कागद घेऊन तो वेंडेलाकडे गेला.

"ही होती. मी पाहिली होती."

तिने कागद भिंगाखाली धरला. तिचा चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू पडला.

"मेनेर फ्लिकवेर्ट, हा मासा तुम्ही कुठे पाहिलात?"

"सांगितलं की. फळीवर."

"फळीवरचा मासा असा नाही." ती वाईट वाटून बोलत होती, त्यामुळे जास्त लागलं. "लेइन्सेच्या तिन्ही पटांवर माशाची शेपटी तुटलेली आहे. त्या सुताराच्या शिक्क्याचा टवका उडाला होता. अख्खी शेपटी फक्त एका ठिकाणी आहे. अकरा वर्षांपूर्वी ह्या खुणांचं पुस्तक निघालं, त्यात चित्रकाराने नीटनेटकी करून काढलीय. तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. गावाला काय वाटतं ते मला दिसतंय. पण हे मी नाही घेऊ शकत."

क्रेइनने ते पुस्तक जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने टोपी उचलली. रस्त्याने येताना त्याला उमगलं काय झालं ते. चाळीस वर्षं ह्या हातांना एकच सवय. मोडकं दिसलं की जोडायचं. खुर्चीचा पाय, पाळण्याचा कठडा, आणि डोक्यात आठवण म्हणून ठेवलेल्या माशाची शेपटीसुद्धा. केव्हा जोडली, कळलंही नाही. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. काल नुसता गप्प होता, आज लबाड ठरला.

बांधावर तो जरा वेळ उभा राहिला. भरती येत होती, शिंपल्यांच्या होड्या परतत होत्या. ठसा खरा बोलेल, त्याला दुरुस्त करायची खोड नाही, हे त्याला कळत होतं. आणि ठशाखालची ओळही खरंच बोलेल. ती यिकेने वाचली तर? सहा वर्षं दारं घासतायत, ती घासायची थांबतील. अडुसष्टाव्या वर्षी माणसाकडे घालवायला असतं तरी किती? जे होतं ते एवढंच होतं. पण तिने हो किंवा नाही मागितलं होतं, आणि 'हो' त्याने सरसाने बंद करून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी तो हत्यारांची पेटी घेऊन चर्चच्या मागच्या खोलीत गेला. वेंडेला यादीचे कागद आवरत होती. यिके खिडकीपाशी बसली होती. तिला निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

"बाई," क्रेइन म्हणाला, "मधल्या पट्टीखाली ठसा आहे. त्रेपन्न सालचा. तेव्हापासून उघडला नाही. तुम्ही दोघी बघत असताना काढतो, म्हणजे सुताराने घरून आणला असं कुणी म्हणणार नाही."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"आज सांगतोय."

वेंडेलाने आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग म्हणाली, "करा."

चित्र ब्लँकेटवर पालथं होतं. क्रेइनने आडव्या पट्ट्या ठोकून ठोकून सरकवल्या, बाहेर काढल्या. मधल्या पट्टीच्या कडेने कोमट पाण्याचं फडकं ठेवलं, थांबला, परत ठेवलं. पातळ सुरी सरसात घातली. स्वतःचंच काम इतकं चिवट असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तासभर गेला. त्याच्या कपाळावरून घाम टपकायला लागला तसं यिकेने उठून आपल्या रुमालाने तो पुसला.

"सोपं काम करायला शिकला असतास तर आत्ता जेवायला गेलो असतो," ती म्हणाली.

"हलवू नकोस."

पट्टी सुटली. क्रेइनने ती खाच वर करून धरली. घडी घातलेला पिवळा सिगारेटचा कागद होता तसा होता. वेंडेलाने चिमट्याने उचलला, काचेवर उलगडला. कागद उचलला जाताच क्रेइनने पट्टी पटकन पालथी केली आणि मांडीवर घेतली.

वेंडेलाने पिशवीतून तीन फोटो काढून कागदाशेजारी ठेवले आणि भिंग यिकेच्या हातात दिलं. "शेपटी बघा."

मासा बोटाच्या पेराएवढा होता. शेपटीचं खालचं टोक उडालेलं. चारी ठिकाणी तसंच, तेवढंच.

"तोच शिक्का," वेंडेला म्हणाली. "आणि हा ठसा त्रेपन्नचा. तेव्हा ही खूण जगात कुणाला माहीत नव्हती. बाई, हे चित्र लेइन्सेचं आहे. मी लिहून देते. तुमच्या वडिलांनी खरं तेच वाचवलं."

क्रेइनने यिकेकडे पाहिलं. तिचा चेहरा खुलेल म्हणून तो बघत होता. यिके भिंग हातात धरून तशीच बसली होती.

"खरं आहे," ती म्हणाली. "बरं झालं." मग कुणाकडेही न बघता म्हणाली, "मला वाटायचं, खरं निघालं की आत काहीतरी निवेल. खरं आहे. आणि बाबा गेलेच की."

वेंडेला उगाच फोटो सारखे करत राहिली. क्रेइनच्या मांडीवर पट्टी होती. पेटीत रंधा होता. चार हात मारले असते की खाच कोरी झाली असती, आणि कुणी विचारलंही नसतं. गाव खूश, म्युझियम खूश, भिंतीवरचा दगड खूश. एकटी यिके तिथे बसली होती, तिच्या हाताला काहीच लागलं नव्हतं. इतकी वर्षं तो त्या ओळीपासून तिला वाचवत होता. त्याच्या मनात आलं, की आपण तिला वाचवत होतो की स्वतःला?

त्याने पट्टी तिच्यापुढे धरली. "हे पण आहे. सुतार पट्टीच्या पोटात हवापाणी लिहितात, मी हे लिहिलंय. मोजे बघितल्यानंतर." आणि तो उठून खिडकीशी गेला, तिच्याकडे पाठ करून.

यिकेने चष्मा लावला. जाड पेन्सिलीची अक्षरं होती, एकेक दाबून काढलेली.

'योस, गाढवा. फळीच होती ही. वर माळ्यावर दोघी तुझी वाट बघत होत्या.'

क्रेइन खिडकीतून कबरस्तानाचं गवत बघत राहिला. आता ती उठेल, दार लावून जाईल, असं त्याला वाटत होतं. मागून आवाज आला तो त्याला आधी खोकल्याचा वाटला. वळून पाहिलं तर यिके रडत होती. हसतही होती. चष्मा काढून मनगटाने डोळे पुसत होती आणि परत वाचत होती.

"गाढव," ती म्हणाली. "गाढवच. मी खिडकीतून ओरडत होते, क्रेइन. जाऊ नका, जाऊ नका. त्याने मागे वळून हात केला नुसता, असा, दूध आणायला निघाल्यासारखा. आई पुढच्या वर्षी गेली ते मोजे उशाशी घेऊन. आणि मला दर फेब्रुवारीत त्या दगडापुढे उभं करून सांगायचे, केवढा थोर माणूस. मी मान डोलवायचे. मला एकदा, एकदाच त्याच्यावर ओरडायचं होतं. पण जिकडेतिकडे माणसं टोप्या काढून उभी. ओरडणार कशी?"

"मी पण टोपी काढून उभा असायचो," क्रेइन म्हणाला.

"हो. आणि हे पोटात ठेवून. मेल्या, तू हे मला त्याच वर्षी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तू तोंड बघणार नाहीस माझं."

"आणि न सांगून काय मोठं बघितलंस?" ती म्हणाली. "सगळा जन्म गेला की रे."

तो येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. दोघं ती पट्टी मध्ये धरून बसली.

वेंडेलाने हळूच घसा खाकरला. तिला नोंद पुरी करायची होती. "ठशाचं मी लिहिते. पण त्या ओळीचं... ती नोंदीत काय म्हणून लिहू?"

"सुताराचा शेरा," यिके म्हणाली. "हवापाणी लिहायचे ना पूर्वी, तसा."

"पट्टी नवी बसवू का?" क्रेइनने विचारलं. "ही तू घरी ने हवी तर."

"नाही. हीच बसव. होती तिथेच." यिकेने हात पुढे केला. "पण आधी पेन्सिल दे."

त्याने कानामागची पेन्सिल काढून दिली. खाचेत ओळीखाली बोटभर जागा उरली होती. यिकेने जीभ दातांत धरून, वाकून, बारीक अक्षरांत लिहिलं आणि पट्टी त्याच्याकडे दिली. तिने ती पालथी केली नाही, वाचू नको असंही म्हणाली नाही.

'बाबा, मलाही हेच म्हणायचं होतं. तुमची यिके.'

क्रेइनने दोनदा वाचलं. मग सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवलं. सरस पातळ व्हायला वेळ लागतो, तोवर तिने मंगळवारचे बोलुस पिशवीतून काढले. दगड झाले होते. कॉफीत बुडवून खाल्ले. सरस तयार झाला तसा त्याने तो खाचेला लागणार नाही असा बेताने पट्टीला लावला, पट्टी जागेवर ठेवली आणि शिकंजे आवळले.

"किती वेळ?" यिकेने विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

"मग चल," ती कोट घालत म्हणाली. "माझं मागचं दार घासतंय."